कोपरे नसलेलं घर

सुकलाल नानांच्या घराला कोपरे नव्हते. बांधणाऱ्याने केले होते, पण नानांनी ते शिल्लक ठेवले नव्हते. टेबल, खाट, उंबरा, एवढंच काय देवाची तसबीर, सगळ्यांचे कोपरे त्यांनी कारखान्यातल्या चिंध्या गुंडाळून गोल केले होते. नळाच्या तोटीला जुना मोजा होता. त्यांच्या मुलाच्या, विजयच्या, सायकलला इतक्या चिंध्या बांधलेल्या होत्या की ती दवाखान्यातून सुटून आल्यासारखी दिसायची.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत डिंडोलीला राहायचो आणि आमची नि नानांची भिंत एकच होती. वडील सचिन भागातल्या एका डाइंग मिलमध्ये स्टोअर सांभाळायचे. नाना पारोळ्याकडचे. गल्लीत कोणी मूल धावताना दिसलं की ते खिडकीतून ओरडून हळू जायला सांगत, "हयू, माय, हयू! हाडं शेतस, लोखंड नही!" एरवी ते आमच्याशी साधं मराठी बोलत, घाबरले की अहिराणीत शिरत. त्यामुळे दिवसाचा बराचसा भाग अहिराणीतच जायचा.

मला त्यांची भीती वाटायची. ते घरातसुद्धा काळा चष्मा लावत. लहान मुलगी जवळून गेली की तिचं मनगट दोन बोटांत धरून दाबून बघत आणि "मजबूत" असं म्हणून सोडून देत, बाजारात भेंडी पाहावी तसं. माझं मनगट किती वेळा मजबूत ठरलं होतं कोण जाणे. शिवाय त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात हाडं आहेत असं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

मी झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. एका रविवारी दुपारी भिंतीवर थाप पडली. "ए इंग्रजी! इकडे ये." माझ्या इंग्रजी शाळेमुळे त्यांनी मला ठेवलेलं हे नाव.

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जा ना. खाणार नाही तो तुला. देवानं एक भित्रं घरात दिलं, एक शेजारी. बसा दोघं."

नानांनी पेटी ओढली. आत काहीतरी खुळखुळलं. "हाडं दाखवतो," ते म्हणाले. मी दाराकडे सरकले.

कापसात ठेवलेले शिंपले होते. डुमसच्या किनाऱ्यावर सापडलेलं, पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात ते समुद्रफेन होतं. एक वाळलेला तारामासा. प्रवाळाचा तुकडा. आणि समुद्री अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याचं रिकामं कवच, लिंबाएवढं, त्यावर ओळीने बारीक ठिपके. गल्लीतलं कोणी द्वारकेला निघालं की नाना त्याला प्रसादाऐवजी या वस्तू आणायला सांगत.

कवच त्यांनी खिडकीपाशी उजेडात धरलं. ठिपक्यांतून उजेड आला. "बघ. एक भोक इकडे नाही, एक तिकडे नाही. याला डोकं नाही, मेंदू नाही. मग हे हाड बिनचूक कोण बनवतं?"

त्यांचं आश्चर्य कळायला त्यांचा धंदा कळायला हवा. नाना जॅकार्ड मागासाठी पत्ते ठोकायचे. जाड पुठ्ठ्याचे लांबट पत्ते असतात, साखळीत ओवलेले. भोक असेल तिथे धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो आणि त्यातून साडीवर नक्षी उठते. एक भोक चुकलं तर ती चूक एकदा होत नाही. साखळी फिरून आली की पुन्हा, पुन्हा, प्रत्येक साडीवर. प्रत्येक पत्ता नाना खिडकीशी धरून तपासत. तेवढ्यापुरता चष्मा काढत, आणि त्या वेळी खोलीत कोणी असलं तर त्याच्याकडे पाठ करत.

मग दर रविवारचा वर्ग सुरू झाला. मी कॉलेजातून सरांच्या झेरॉक्स आणायची, वाचायची आणि माझ्या मोडक्या मराठीत सांगायची. वर्गात मी तीन वर्षांत एकदाही हात वर केला नव्हता. इथे विद्यार्थी एकच होता आणि तो माझ्यापेक्षा घाबरट होता.

मी सांगितलं की फार पूर्वी समुद्रातले प्राणी मऊच होते. नंतर वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या परीने सांगाडा घडवला, शिंपल्याने बाहेरून, तारामाशाने कातडीखाली. प्रत्येकाच्या पेशीत जनुकं असतात, म्हणजे सूचना. बऱ्याच सूचना जुन्याच होत्या, आधी दुसरंच काम करणाऱ्या. त्याच हाड घडवायच्या कामाला लागल्या.

नाना मांडीवर थाप मारणार होते, पण हात मध्येच थांबवून त्यांनी तो अलगद ठेवला. "म्हणजे पत्ते जुनेच, माग नवा! आम्ही काय वेगळं करतो? पदराचे पत्ते सोडायचे, काठाला ओवायचे."

"आणि नवी नक्षी येते ती बऱ्याचदा चुकीतून येते," मी म्हटलं. "भोक चुकतं. चालून गेलं तर टिकतं."

यावर नानांनी त्यांच्या आयुष्यातली एकमेव चूक सांगितली. एकदा पोपटाच्या काठात त्यांचं एक भोक जास्त पडलं. चोचीसमोर ठिपका आला. नाना दोन दिवस जेवले नाहीत. शेठनं कापड पाहिलं आणि म्हणाला, "अरे, आ तो दाणो खाय छे! आ ज डिझाइन जोईए!" मग वर्षभर सुरतेतून दाणा खाणारे पोपट निघाले.

मी हसले. त्या घरात मोठ्यानं हसण्याची माझी ती पहिली वेळ. "मग नाना, चुकलेल्या भोकाला इतकं का घाबरता?"

"ती साडी होती," नाना म्हणाले. "पोर नव्हतं."

विजयची हाडं लहानपणापासून ठिसूळ होती. उंबऱ्याला अडखळला, हात मोडला. शिंकला, बरगडी गेली. आता तो उधन्याला एका दुकानात शिलाईच्या मशीनवर बसायचा. मोठा झाल्यापासून मोडणं कमी झालं होतं, चिंध्या मात्र तशाच होत्या. त्याची बायको रेखा पहिल्या बाळंतपणाला पारोळ्याला माहेरी गेली होती.

नानांनी एक पत्ता काढला. त्यावरच्या एका चुकलेल्या भोकावर कागदाचा बारीक तुकडा खळीनं चिकटवलेला होता. "आम्ही असं बुजवतो. तुमच्या इंग्रजीत याची सोय आहे का? विजयचं झालं ते झालं. येणाऱ्याचं बुजवता येईल का, विचार."

मी सरांना विचारलं, लायब्ररीतलं जाडं पुस्तक काढलं, आणि उत्तर मिळाल्यावर दोन रविवार मागच्या गल्लीतून ये-जा केली. थाप पडली की आई सांगायची, अभ्यास करतेय. तिसऱ्या रविवारी थाप पडली नाही. त्या शांततेला मी जास्त घाबरले आणि गेले.

"बुजवता येत नाही, नाना. बाळाकडे तो दोष जाईल किंवा नाही जाणार. निम्मी शक्यता."

"भोक आहे, नाहीतर नाही," ते म्हणाले.

"हो. आणि एक खूण दिली आहे. पुष्कळदा डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असतो. विजयदादाचा आहे तसा. हे आईकडून येतं किंवा..."

नानांनी चष्मा काढला. या वेळी त्यांनी पाठ केली नाही. धुतलेल्या पांढऱ्या कापडाला जास्त नीळ लागावी तसे त्यांचे डोळे दिसत होते.

"विजयचं मोडायचं तेव्हा सगळे त्याच्या आईला बोलायचे. तुझ्या माहेरचं आहे. माझी आई बोलायची, गल्ली बोलायची. मी आरशात बघितलं होतं. लहानपणी माझाही हात मोडायचा, घरचे म्हणायचे, झाडावर चढतो म्हणून." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "मी हा चष्मा आणला. ती ऐकत राहिली. मरेपर्यंत ऐकत राहिली, इंग्रजी."

मी अर्चिनचं कवच कापसात नीट ठेवलं.

"विजयला मी कधी उचलून घेतलं नाही," ते म्हणाले. "माझ्या हातून मोडला तर, म्हणून. लोकांना वाटायचं, बापाला माया नाही."

बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर रेखा त्याला घेऊन आली. मुलगी होती. भिंतीवर थाप पडली, पण एवढी हलकी की आधी मला पाल वाटली. नाना भिंतीला चिकटून उभे होते, पाळण्यापासून जितकं लांब उभं राहता येईल तितकं. पाळण्याची एकही कडी चिंधीवाचून नव्हती.

"तू देख," ते कुजबुजले. "माले धीर नही."

मी वाकले. बाळ जागं होतं. मी बघितलं. पांढऱ्या भागात निळसर झाक होती.

"नाना, निळसर आहेत," मी म्हटलं. ते भिंतीला धरून खाली बसू लागले. "थांबा! एवढ्या लहान बाळांचे असतातच. पुस्तकात आहे. यावरून काही कळत नाही. काही महिने वाट बघावी लागेल."

"खोटं सांगते तू. मला बरं वाटावं म्हणून."

"मला खोटं बोलायची भीती वाटते, नाना."

हे त्यांना पटलं. रेखा आतून चहा घेऊन आली. सासरा एवढ्या लांब का उभा आहे ते तिने क्षणभर पाहिलं, बाळाला उचललं आणि म्हणाली, "बसा नाना. मांडी घाला."

"नही, बेटा, नको, हयू..."

तोवर बाळ मांडीत होतं. नानांनी एक बोट पुढे केलं, मनगट तपासायची सवय, आणि बाळानं ते बोट मुठीत धरलं.

बराच वेळ गेला. बाळ झोपलं, मूठ सुटली नाही.

"इंग्रजी," नाना म्हणाले, "माझं बोट सोडव."

"ओढा ना हळूच."

"मी? मी नाही ओढणार. काही झालं म्हणजे?"

बाहेर कारखान्यांची पाळी सुटली होती, गल्ली सायकलींनी भरली होती. नाना ताठ बसून होते. चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आला होता आणि तो वर करायला त्यांच्याकडे हात मोकळा होता, पण त्यांनी केला नाही.

ती मूठ मला सहज उघडता आली असती. मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला आणि घरी आले.