डेल्मर पिकेटची शेवटची बास्केट

संकटाच्या एका क्षणात माणसाचं खरं तेज प्रकट होतं, असं थोर लोक सांगत आले आहेत. डेल्मर पिकेटच्या आयुष्यात असा क्षण अडतीस वर्षांपूर्वी आला. त्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले होते.

आमच्या हार्लन क्रीक गावाला ठाऊक होतं ते वेगळं. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात डेल्मरने चार वर्षं इमानेइतबारे बाक गरम केला. शेवटच्या वर्षी, अंतिम सामन्यात, दोघांचे घोटे मुरगळले आणि एकाचं पोट बिघडलं, म्हणून त्याला आत घेतलं. संघ एका गुणाने मागे, एक सेकंद बाकी. डेल्मरने मध्यरेषेवरून बॉल भिरकावला आणि तो सरळ जाळीत गेला. एवढ्या भांडवलावर त्याने विम्याची एजन्सी काढली, नोरीनशी लग्न केलं आणि लुसीलच्या डायनरमध्ये आजतागायत फुकट कॉफी प्यायली. पॉलिसीवर सही करण्याआधी लोक त्याचा उजवा हात हातात घेऊन बघत. गुडघे दोन्ही बदलून झाले होते, पण गुडघ्यांबद्दल कुणी विचारत नसे.

आता कॉलेजने ठरवलं की शनिवारच्या सामन्याच्या मध्यंतरात डेल्मरची एकवीस नंबरची जर्सी छताला टांगायची. इंडियानात याहून मोठा मान नाही. आमच्या गावचा एक माणूस गव्हर्नर झाला होता. त्याचा कोट कुणी छताला टांगलेला नाही.

सोमवारी क्रीडाविभागाच्या प्रमुख गेल ओट्स बाईंचा फोन आला. तेव्हा हरलेल्या कॉलेजची अडगळ उपसताना त्या अंतिम सामन्याची फिल्म सापडली होती, आणि जर्सी वर चढताना ती मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. डेल्मरने फोन ठेवला आणि चाचपडत खुर्ची शोधली.

कारण त्याने बास्केट मारलीच नव्हती. बास्केटखाली त्याच्याच संघातला रस्टी बोमन हात वर करून उभा होता, त्याच्याकडे त्याने बॉल टाकला होता. हातातून सुटताक्षणीच नेम चुकल्याचं त्याला कळलं, आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर मारून डोळे मिटले. उघडले तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. खांद्यावर बसलेल्या माणसाला खुलासा करायला फारसं जमत नाही. पुढे मग राहूनच गेलं.

बुधवारी तो गेलबाईंच्या खोलीत जाऊन बसला.

"मला साधेपणाची आवड आहे," तो म्हणाला. "फिल्मबिल्म राहू द्या."

"तुम्ही आजचे पाचवे," बाई म्हणाल्या.

न्हावी व्हर्न येऊन गेला होता; डेल्मरच्या काळजाला सोसायचं नाही, असं त्याचं म्हणणं. पाद्रीबाबांना अंधारात म्हातारी माणसं धडपडण्याची धास्ती होती, महापौरांना विजेच्या तारांची. लुसीलने कारण दिलंच नाही, नुसता एक अख्खा कॉफीकेक टेबलावर ठेवून गेली. डेल्मरने हिशेब मांडला. म्हणजे गावाला कळलं होतं, आणि गाव त्याची अब्रू झाकायला धावत होतं.

गेलबाई आयोवाच्या. इथे येऊन दोनच वर्षं झाली होती.

"आमच्याकडे कुणी कुणासाठी एवढं झटत नाही हो," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "तुमच्या संकोचाची गावाला केवढी काळजी. आता तर मी फिल्म दोनदा दाखवणार. दुसऱ्यांदा अगदी सावकाश."

त्यातच ओहायोहून रस्टीचा निरोप आला की तोही येतोय. अडतीस वर्षांत त्याने ना पत्र पाठवलं होतं, ना इथे पाऊल टाकलं होतं. डेल्मर शनिवारपर्यंत टोस्ट आणि पाण्यावर राहिला.

शनिवारी गाडीत खिडकीकडे तोंड करून नोरीनने विचारलं, "त्या फिल्ममध्ये प्रेक्षक पण दिसतात का रे?"

"दिसत असतील. का?"

"सहज. त्या दिवशी बर्फ फार पडला होता."

तिसऱ्या रांगेत लाल टोपी घालून बसले होते आणि त्याच क्षणी तुला पसंत केलं, असं ती लग्नापासून सांगत आली होती. डेल्मरने गाडी जरा हळू केली. बर्फाने त्या दिवशी हमरस्ता बंद होता. क्रीडागृहात जागा बाराशेंची, आणि 'मी तिथे होतो' म्हणणारे आज पाचेक हजार. त्यात तेव्हा जन्मालाही न आलेले दोन-चार होते.

मध्यंतरात दिवे मालवले. पडद्यावर बाकांच्या रिकाम्या रांगाच रांगा दिसल्या. एकूण सतरा माणसं, त्यातला एक झाडूवाला. पडद्यावरचा डेल्मर बॉल टाकून डोकं बडवत होता, पण त्याच्याकडे बघायला सवड कुणाला होती? सगळं गाव बाकांवर स्वतःला शोधत होतं. दुसऱ्यांदा फिल्म सावकाश लागली तेव्हा अधिक बारकाईने शोधलं. दिवे लागले, आणि कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना.

शेवटी व्हर्न उठला. घसा साफ करून म्हणाला, "मी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसलो होतो."

महापौरांना एकदम आठवलं, आपणही तिकडेच होतो. पाद्रीबाबांनी त्यांना आपल्या शेजारी पाहिल्याचं सांगितलं. नोरीनची तिसरी रांगही मागच्याच बाजूची निघाली. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तसा त्या मूळ सामन्यातही झाला नसेल. जर्सी वर गेली.

उरला एकटा रस्टी. पाहुण्यांच्या टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला तो हॉटडॉग घेऊन बसला होता. पडद्यावरून त्याने एकदाही नजर काढली नव्हती. डेल्मरला आता थांबवेना.

"रस्टी, तो बॉल मी तुझ्याकडे टाकला होता."

"माहीत आहे. मीच ओरडत होतो ना."

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

रस्टीने हॉटडॉगचा एक घास घेतला.

"माझे हात गारठले होते, डेल," तो म्हणाला. "माझ्यापर्यंत आला असता तर सुटलाच असता. तुझे आभार मानायला लाज वाटत होती." मग त्याने हातातल्या कोरड्या पावाकडे पाहिलं. "ती मस्टर्डची बाटली दे जरा इकडे. पण उठून, हातात आणून दे."