ग्रुपवर लावण्याजोगा फोटो

भुसारी काका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते लिफ्टमध्ये. म्हणाले, "बेटा, तुझ्या डीपीला झाड काऊन आहे? उद्या काही बरंवाईट झालं, तर आम्ही ग्रुपवर झाडाला श्रद्धांजली वाहायची का?"

मी ऑफिसला निघाले होते. "सॉरी काका," एवढंच मला सुचलं. मला फोटोत यायला आवडत नाही आणि लिफ्टमध्ये बोलायला तर त्याहून नाही.

कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीतल्या मराठी घरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. काका त्याचे अॅडमिन. त्यांचे वडील सरकारी ऑफिसबरोबर नागपूरहून भोपाळला आले. काकाही सरकारी नोकरीतच चिकटले आणि बडे बाबू होऊन रिटायर झाले. आता ते कॉलनीतल्या प्रत्येकाचा एकेक चांगला फोटो काढून ठेवतात. कशासाठी, हे लपवत नाहीत.

"पूर्वी कोणी गेलं की माणूस दारात येऊन सांगायचा," ते म्हणतात. "आता आधी फोटो येतो. गुड मॉर्निंगचा गुलाब, मग कोणाचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, मग मेलेला माणूस, मग पुन्हा गुलाब. मजकूर वाचतो कोण? फोटो पाहिला अन् हात जोडले, झालं."

याला कारण केळकर आजोबा. ते गेले तेव्हा मुलाने घाईत हाताला लागला तो फोटो ग्रुपवर टाकला. त्यात आजोबांच्या डोक्यावर वाढदिवसाची चमचमती टोपी होती. बघता बघता खाली केक आले, फुगे आले, "जुग जुग जिओ" आलं. कोणीतरी "पार्टी कब दे रहे हो?" असंही विचारलं. मुलगा बिचारा बापाजवळ बसून हे सगळं वाचत होता.

तेव्हापासून रविवारी सकाळी, पोहे-जलेबी झाली की काका गच्चीवर. पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत हा त्यांचा स्टुडिओ. "हनुवटी खाली. हसा, पण पूर्ण नका हसू. पूर्ण हसलं की लोकांना वाटतं, सुटला एकदाचा."

कोणाला राग येत नाही, याचं मला आधी नवल वाटायचं. उलट आज्या ठेवणीतल्या साड्या नेसून येतात. एका आजींनी आपला फोटो नापास केला. "यात मी फार म्हातारी दिसते."

"आजी, लागणारही म्हातारपणीच आहे," काका म्हणाले आणि दुसरा काढला.

माझाही काढला. मी दोन रविवार टाळलं, तिसऱ्यांदा आईने ढकललं. खरं सांगायचं तर स्वतःचा मला आवडलेला तो पहिलाच फोटो. झाड गेलं, मी आले.

फोटो नव्हता तो फक्त सुनंदा काकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, वय पाहता थोडा धोका आहे. घरी आल्या आल्या काकूंनी फर्मान काढलं, "अहो, साऱ्या कॉलनीची सोय केली, आता माझी करा." काका रोज फोन घेऊन बसू लागले. मी एकदा डबा द्यायला गेले तर काकूंनी फोन माझ्या हातात कोंबला. एका फोटोत त्यांचे डोळे मिटलेले, एकात अर्धं डोकं गायब, एकात नुसता कान आणि मागे फ्रिज.

"जगाचे फोटो काढताना ठीक. माझ्या वेळेलाच यांचा हात हलतो!"

काका चष्मा पुसत बसले होते. "लाइट बरोबर नाही," म्हणाले.

दवाखान्यात जायच्या दिवशी काकूंनी मलाच बोलावलं. रेशमी साडी नेसून सोफ्यावर ताठ बसल्या. "तूच काढ गं. यांच्या भरवशावर राहिले तर माझ्या नावापुढे फ्रिज लावतील."

मी नेम धरला. बटण दाबणार तोच मागून काका म्हणाले, "सुनंदा, गॅस बंद केला का?"

फोटोत काकूंचं तोंड उघडं आणि हात स्वयंपाकघराकडे.

पुन्हा नेम धरला. "दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं का?"

"अहो, मुद्दाम करता का तुम्ही?" हाही फोटो आला, तो तर फारच जिवंत आला.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. काकू चिडून, पर्स सावरत लिफ्टकडे गेल्या. काका दाराला कुलूप लावायला थांबले. माझ्याने राहवलं नाही. "काका, एक तरी नीट येऊ द्यायचा होता."

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "बेटा, इतकी वर्षं सरकारी ऑफिसात काढली," ते हळूच म्हणाले. "फोटो नसलेला अर्ज कधी पुढे सरकताना पाहिला नाही. वरचं ऑफिसही काही वेगळं नसेल." मग बॅग उचलली आणि माझ्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरले.

काकू घरी परतल्यात. आता जिने चढायला लागल्यात आणि आवाज तर तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचतो. फोटोचा हट्ट मात्र सोडलेला नाही. अधूनमधून माझ्यासमोर पदर नीट करून बसतात, आणि मागून काका काहीतरी विचारतात.

हल्ली मीही त्यांचं विचारून होईपर्यंत, काकूंचं तोंड उघडेपर्यंत थांबते, आणि मगच बटण दाबते.