चौतीस अंशांची इस्त्री

धुलाई कारखान्यात इस्त्रीयंत्राच्या प्लेटने यंत्र चालवणाऱ्या मामांचा उजवा तळवा भाजला. प्लेटच्या कडेचं आवरण तुटलं होतं. नवं बसेपर्यंत यंत्र बंद ठेवा, एवढंच मामांचं म्हणणं. नियमही तेच सांगत होता: उघडा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर आढळल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. आढळण्याचं काम सुरक्षा अधिकाऱ्यांचं.

साहेब नवं उपकरण घेऊन आले. दिसायला पिस्तूल. हात न लावता, तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या अदृश्य किरणांवरून तापमान सांगणारं. साहेबांनी वाकून आरशासारख्या लख्ख प्लेटवर नेम धरला.

"चौतीस."

"अहो साहेब, फोड बघा की! लिंबाएवढा आलाय."

"फोडाचा नियमात उल्लेख नाही."

कपडे धुणाऱ्या मावशींना राहवलं नाही. "प्लेटीत तुमचंच तोंड दिसतंय साहेब. तेच मोजलं असेल!"

साहेबांनी तोंड आणखी जवळ नेलं. पस्तीस. फरक मान्य मर्यादेत होता. अहवाल तिथेच तयार झाला: प्लेट चौतीस, मानवी देह सदतीस, आणि उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, सबब मामांच्या हातानेच यंत्रास ताप दिल्याचे दिसते. यंत्राची तक्रार नसल्याने मामांवरील कारवाई तूर्त स्थगित.

मामांनी रागारागात पुढचा शर्ट प्लेटवर टाकला. एका हाताने काढायला उशीर झाला आणि कॉलर जळून चिकटली. लख्ख प्लेटवर काळाकुट्ट डाग पडला; त्यात कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. साहेबांनी सहज त्यावर नेम धरला.

एकशे ऐंशी!

मामांचा जीव भांड्यात पडला. "आता तरी बंद कराल ना?"

"धोका सापडला," साहेब गंभीरपणे म्हणाले. "डाग गरम आहे. ताबडतोब काढा."

"यंत्र बंद करून?"

"चौतीस अंशांचं यंत्र बंद कशाला करायचं?"

मामांनी उजवा हात पोटाशी धरला आणि डाव्या हाताने डाग खरवडला. मावशींनी तोंड फिरवलं. फेरतपासणीत प्लेट पुन्हा चौतीस भरली. दोन्ही तळवे फडक्यात गुंडाळून बसलेल्या मामांना साहेबांनी शाबासकी दिली, तीही हात न लावता.

संध्याकाळी शर्ट गाडीत चढले. कडक, एकालाही सुरकुती नाही. त्यातलाच एक आत्ता तुमच्या अंगात आहे. गार इस्त्रीची घडी इतकी धारदार कशी, हे घालताना तुमच्या मनात आलं नाही. कॉलरवर काळसर ठिपका दिसला, तर मात्र लगेच तक्रार कराल.