रडण्याचा रिटेक

नवरीची जीप तांड्याबाहेर पडली, धूळ खाली बसली आणि पियूषने लिंबाच्या सावलीत बसून सकाळचं शूटिंग उघडून बघितलं. स्क्रीनवर पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या चपला दिसल्या. मग मांडवाचा खांब, मग बुंदीच्या पातेल्याभोवती घुटमळणारं कुत्रं. पुढे सरकवलं, तर पुन्हा चपला.

हळूहळू त्याला सगळी भानगड उमगली. त्याचा स्वतःचा कॅमेरा दुरुस्तीला नागपूरला गेला होता आणि हा वणीच्या विक्कीकडून भाड्याने आणलेला. रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल दिवा यात लागतच नव्हता. "दिव्याचं काय काम, हाताले समजते," असं विक्कीने सांगितलं होतं. उन्हात स्क्रीन पांढरीफटक दिसत होती. सकाळच्या गर्दीत कोणा मामाचं कोपर बटणावर बसलं आणि तिथून सगळं उलटं झालं. पियूष सुरू करायला बटण दाबी तेव्हा कॅमेरा बंद होई, आणि बंद करून खाली लोंबकळत सोडला की तो इमानेइतबारे चालू होई.

लग्न आदल्या दिवशी छान उतरलं होतं. गेली ती फक्त पाठवणी, आणि सगळं अडलं होतं नेमकं तिच्यावरच. बंजारा नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यातून रडते, तो ढावलो. हल्लीच्या पोरींना दोन ओळी येतात, पुढे नुसते हुंदके. नवरीच्या बापाच्या, धरमसिंगच्या घरी मात्र त्याची आई, मानीबाई, नातीच्या पाठीशी उभी राहून पूर्ण ढावलो म्हणणार होती. तांड्यात तो सगळा एवढ्या एकाच बाईला येत होता. काम ठरवायला आलेल्या पियूषला तिने बजावलं होतं, "बाकी काही घे नको घे. माहा ढावलो घे. मी गेल्यावर या पोरीयले कोन सांगन?"

आणि सकाळी ती अशी गायली, की आचाऱ्याने झारा खाली ठेवला. पियूषलाही रडू आवरलं नाही. डोळे भरल्यामुळे स्क्रीनकडे बघायचं राहिलं, ते राहिलंच.

नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम. त्याचे वडील कमलाकरराव कचेरीतून निवृत्त झालेले. ज्याला रजेचा अर्ज द्यावा लागत नाही ते कामच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. पियूषला पळून जावंसं मनापासून वाटलं, पण त्याची मोटरसायकल पाहुण्यांच्या खाटांमागे अडकली होती. शेवटी तो धरमसिंगसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, थोडा रिटेक घ्या लागते."

"कायचा? लग्नाचा?"

"नाई. रडन्याचा."

धरमसिंग अजून उपरण्याने डोळेच पुसत होता. पोरगी गेली, रडणं संपलं, आता कसला रिटेक, असं तो म्हणेपर्यंत मानीबाई मागे येऊन उभी राहिली होती. तिने एवढंच विचारलं, "माहा ढावलो आला नाई?"

पियूषने तिला स्क्रीनवरच्या चपला दाखवल्या. म्हातारी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली, आणि त्याला वाटलं, आता शिव्या तरी देईल. पण ती पदर खोचून उठली. "मंग उभा काहून हाये? काढ गाडी."

वेशीबाहेर गेलेली नवरी त्या दिवशी माघारी आणत नाहीत, हे धरमसिंगने आईला सांगून पाहिलं. तिला कोण आणतंय, आपणच जाऊ, असं म्हणून म्हातारीने विषय मिटवला. वऱ्हाड मारेगावच्या फाट्यावर चहाला थांबणारच होतं. पियूषच्या मागे मानीबाई बसली, कॅमेऱ्याची बॅग नातवंडासारखी पोटाशी धरून. गळ्यात पडायला माणसं तर हवीत, म्हणून नवरीची आई संगीता आणि झाडून साऱ्या काक्या, माम्या, आत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढल्या.

फाट्यावर नवरदेवाचे वडील भीमसिंग चहा पीत होते. पुढे मोटरसायकलवर म्हातारी, मागे रडून डोळे सुजलेल्या बायकांची भरलेली ट्रॉली, हे पाहून त्यांनी कप तसाच खाली ठेवला. पोरगी परत न्यायला आले, हे त्यांनी ताडलं. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले.

"मानीबाई, चुकी झाली. जेवनाले नावं ठेवली ते आमच्या मोठ्या भावानं."

"जेवनाले नावं ठेवली?" ट्रॉलीतून संगीताचा आवाज आला.

मोठ्या भावाने स्वतःला वाचवायला घड्याळ हलकं दिल्याची कुरकूर आपल्या जावयावर ढकलली. जावयाने भांड्यांचा विषय काढणाऱ्या मावशीकडे बोट दाखवलं. कोणालाच ठाऊक नसलेल्या तक्रारी अशा एकेक करून स्वतःहून हजर झाल्या. नवरदेव राजकुमारने नवरीचं, पुष्पाचं मनगट घट्ट धरलं होतं. "मी काईच नाई बोललो," तो तिला पुन्हा पुन्हा सांगत होता.

पियूषने मधे पडून खरी गोष्ट सांगितली तेव्हा भीमसिंगच्या जिवात जीव आला. पाहिजे तेवढं रडा, आमची हरकत नाही, अशी त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. पियूषने गळ्यातला दुपट्टा डोक्यावर ओढून, त्या अंधारात स्क्रीन नीट तपासली आणि मगच मान हलवली.

पण नवरीलाच रडू येईना. पुष्पाच्या हातात भजी होती, काजळ नव्याने घातलेलं होतं. "सकाळी सगळं रडून झालं ना माहं," ती म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून खुदकन हसली. संगीताने चिमटा काढला तर जास्तच हसली. वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक हळू होऊ लागले. एका ड्रायव्हरने खाली उतरून, कोण गेलं, म्हणून विचारलं.

तेवढ्यात मानीबाईने सूर लावला. याडी, म्हणजे आई, तुझं अंगण उद्यापासून कोण झाडेल. बापू, तुझ्या हाकेला ओ कोण देईल. सर्वांत आधी बांध फुटला तो भीमसिंगचा. त्यांची मुलगी मागच्या वर्षी ढाणकीकडे दिली होती, आणि तिच्या पाठवणीच्या वेळी ते मांडववाल्याशी भांडत बसले होते. ते रडलेले पाहून राजकुमारही फुटला, आणि तुमची पोरगी नेतो, माफी करा, असं म्हणत थेट सासूच्या गळ्यात पडला. पुष्पा ओढणीने त्याचं नाक पुसत हसत होती. "अहो, उगी राहा ना. लोकं पाहून राह्यले."

म्हातारी थांबली नाही. ढावलो पूर्ण झाला.

नवरी हसतेय आणि नवरदेव हंबरडा फोडतोय, असली पाठवणी घेऊन पियूष तांड्यावर गेला तो माफीची वाक्यं पाठ करूनच. सारा तांडा टीव्हीसमोर बसला. मानीबाईने शेवटपर्यंत पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, ओठातल्या ओठात सगळं म्हणून पाहिलं, एकही ओळ सुटली नाही याची खात्री केली. मग म्हणाली, "आला."

तो निघाला तेव्हा टीव्ही पाहायला आलेले शेजारच्या तांड्यातले देवसिंग मोटरसायकलजवळ वाट पाहत उभे होते. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पाठवणी घरी घ्यायची नाही, फाट्यावरच घ्यायची, आणि नवरदेव असाच रडला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"काका, रडनं माह्या हातात थोडीच हाये," पियूष म्हणाला.

देवसिंगने थोडा विचार केला. "आमचा जावई पोलिसात हाये, जरासा कडक पडते," ते म्हणाले. "एका कॅमेऱ्यानं नाई रडनार तो. पाहिजे तं दोन आना."