मंगळवारचं झाकण

परतताना विमानात मी मनाशी एक चित्र रंगवलं होतं. दादा आणि वहिनी दोघं नोकरीला. म्हणजे संध्याकाळी एक जण कांदा चिरत असेल, दुसरा कुकर लावत असेल, छोटा शंभू ताटं मांडत असेल आणि वीस-पंचवीस मिनिटांत सगळे हसतखेळत जेवायला बसत असतील. स्कॉटलंडच्या हॉस्टेलमध्ये असे व्हिडिओ मी रोज बघायचे. (नूडल्स खात खात बघायचे, पण तो मुद्दा वेगळा.)

तळेगाव ढमढेऱ्याच्या फाट्यावर जीपमधून उतरले, बॅगा ओढत मळ्यातल्या घरी आले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. तर धनश्रीवहिनी कंपनीचा निळा युनिफॉर्म न बदलताच परातीपुढे बसलेल्या. गळ्यातलं आयकार्ड पिठात बुडत होतं. त्या ते पाठीवर टाकायच्या, की पुढच्या थापेला ते परत पिठात. आणि माझा सख्खा भाऊ विक्रम, जो शिक्रापूरच्या गोदामातून साडेचारलाच घरी आलेला होता, तो सोफ्यावर आडवा होऊन ओरडत होता, "झालं का गं?"

माझं डोकं फिरलं. ते अजून पूर्ण जागेवर आलेलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत ते रोज थोडं थोडं जास्त फिरत गेलं. वहिनी पाचला उठायच्या, डबे करायच्या, साडेसातच्या कंपनीच्या बसला पळायच्या, दिवसभर उभ्यानं वायरिंगची जोडणी करायच्या आणि साडेसहाला परत आल्या की सहा माणसांच्या भाकरी. मी यावर रोज जेवताना बोलायचे. अगदी पोटतिडकीनं बोलायचे. (वहिनी मला मध्ये मध्ये गरम भाकरी वाढायच्या.)

अशात वहिनींना कंपनीनं लाईन लीडर करायचं ठरवलं. अट एकच: पहिले सहा महिने सेकंड शिफ्ट. दुपारी दोनला निघायचं, मध्यरात्री परत. हो किंवा नाही, बुधवारी सकाळी सांगायचं.

"आन् रातच्याला खायाचं काय?" आई म्हणाली. "माझं गुडघं गेलं. चुलीपुढं कोण बसंल?"

"दादा बसेल," मी म्हणाले.

आई इतकी हसली, की तिला डोळ्यांना पदर लावावा लागला. "आगं, आपल्यात गडी माणसानं कवा भाकरी थापलीया का?"

आप्पा, म्हणजे आमचे वडील, तिथंच बसून शेंगा सोलत होते. ते काही बोलले नाहीत. (हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

मी पेटले. शिरूरला गेले, एक पांढरा बोर्ड आणला, मार्कर आणले, डबे आणले आणि आईशी करार केला. मंगळवारी वहिनींना ट्रेनिंग होतं, त्या आठशिवाय येणार नव्हत्या. त्या दिवशी विक्रमनं एकट्यानं स्वयंपाक करायचा. आठच्या आत सगळ्यांच्या ताटात जेवण पडलं तर आईनं लाईन लीडरला हो म्हणायचं. नाहीतर मी तोंड बंद ठेवायचं.

"ह्ये बरं हाय," विक्रम म्हणाला. "दोन्ही बाजूनं फायदाच."

रात्री भांडी घासताना वहिनींनी मला हळूच विचारलं, "ताई, चार वर्षं वाट बघितलीय मी ह्याची. जमेल ना?"

"वहिनी, पोषणशास्त्रात एमएस्सी आहे माझं!"

"ते ठाऊक आहे हो. जमेल का, ते विचारतेय."

मी बोर्डवर योजना लिहिली. मंगळवार: ज्वारीच्या कण्यांची खिचडी. कण्या आणि डाळ सकाळीच भिजत घालायची, संध्याकाळी कांदा-लसणाची फोडणी, कुकर, चार शिट्ट्या. एकच भांडं, पंचवीस मिनिटं. फ्रिज माझ्या डब्यांनी भरून गेला होता, म्हणून भिजवलेल्या कण्या मी एका जर्मनच्या पातेल्यात घालून मागच्या पडवीत गारव्याला ठेवल्या आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'मंगळवार. रात्रीचं जेवण.' शेजारी आईचं तसलंच पातेलं होतं. त्यात आमच्या गंगीचा, म्हणजे गाईचा, संध्याकाळचा भरडा भिजत होता. दुपारी बघते तर दोन्ही झाकणांवर माश्या! मी दोन्ही झाकणं साबणानं धुतली, कागद काढून, पुसून, परत चिकटवला आणि पातेली नीट झाकली. स्वच्छतेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

संध्याकाळी सव्वासातला मी मोबाईलवर घड्याळ लावलं आणि ओट्याशेजारी हाताची घडी घालून उभी राहिले. करारानुसार मी कशालाही हात लावायचा नव्हता. (ही अट मीच घातली होती. तेव्हा ती मला तत्त्वाची वाटली होती.)

खरं सांगायचं तर विक्रमनं बरा हात चालवला. कांदा चिरला, रडला, फोडणी घातली, बोट भाजलं. मग पडवीतून 'मंगळवार' आणून झाकण काढलं आणि थबकला.

"मोने, यात टरफलं दिसत्यात."

"फायबर आहे ते! सगळं सोलून, पॉलिश करून खायची सवय लागलीय तुम्हाला, म्हणून तर घराघरात शुगर आहे!"

"वास पेंडीसारखा येतोय."

"अख्ख्या धान्याचा वास असाच असतो. तुला आठवत नाही, कारण तू आयुष्यभर फक्त ताटात पडलेलं ओळखतोस. घाल!"

"आगं पर..."

"दादा, कारणं सांगून सुटायचं नाही. पुरुषांनी हेच केलंय पिढ्यान् पिढ्या. घाल म्हणते ना!"

त्यानं घातलं. चार शिट्ट्या झाल्या. सात वाजून बेचाळीस मिनिटांनी ताटं वाढली गेली. मी घड्याळ आईच्या नाकासमोर धरलं. आई मुकाट्यानं पाटावर बसली. मला त्या क्षणी आमच्या अख्ख्या शिरूर तालुक्यातल्या बायका माझ्यामागे उभ्या आहेत असं वाटत होतं.

पहिला घास शंभूनं घेतला. तो दुसरीत आहे आणि खोटं बोलायला अजून शिकलेला नाही.

"आत्या, हे गंगीचं आहे."

"शंभू, तुला बिस्किटांची सवय लागलीय. चावून खा."

"चावतोय. चावलं जात नाही."

विक्रमनं घास घेतला आणि तो गालात तसाच धरून माझ्याकडे बघत बसला. आईनं बोटाच्या टोकानं चाखलं आणि पाणी प्यायली. मी स्वतः घास घेतला. तो खारट होता, कडक होता आणि मध्येच खडूसारखा लागत होता. पण आता माघार घेणं म्हणजे वहिनींची चार वर्षं मातीत घालणं. मी गिळला. दुसराही गिळला. फक्त आप्पा शांतपणे जेवत होते.

"ह्ये माणसांनी खायाचं हाय व्हय?" आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे ती लीडरकी. धनश्री रोजच्यावानी यील न् भाकरी करंल."

आणि मी सुटले. मी उभी राहून बोलले. मी म्हणाले, तुम्ही मुद्दाम करताय. वेळेत झालं, एका पुरुषानं केलं, हे तुम्हाला सहन होत नाही. तुम्हाला बाई राबताना बघायचीय. एका बाईला चार वर्षांनी काहीतरी मिळतंय आणि तुम्हाला भाकरीची पडलीय! मी बरंच काही बोलले. त्यात दोन-तीन वाक्यं इंग्रजीत होती, ती आईला उद्देशून नव्हती, पण तिला ती जास्त लागली असावीत. एक ताटली खाली पडली. शेवटी मी ओरडले, "आणि खिचडीत मीठ कोणी ओतलं ते मला कळलं पाहिजे! हा कट आहे!"

"कुनी कशाला वतंल?" आई म्हणाली. "मी तर दिसभर तिकडं फिरकली बी न्हाई. नुस्ती धार काढाया गेले. गंगीनं मातर आज पातेलं चाटून पुसून साफ केलं बाई, आन् आजून पायजे म्हून हंबरत हुती."

तेवढ्यात दारात वहिनी उभ्या. खांद्याला पर्स, गळ्यात आयकार्ड. त्यांनी सगळ्यांची तोंडं बघितली, ताटं बघितली, वाकून शंभूच्या ताटातली चिमूटभर खिचडी तोंडात टाकली.

"भरडा आहे," त्या म्हणाल्या. "डाळीची चुनी, मका आणि मिनरल मिक्स्चर. मीठ आईंनी सकाळी घातलेलं." मग त्यांनी ओट्यावरचं माझं मंगळवारचं झाकण उचलून उलटंसुलटं बघितलं. ते चकचकीत होतं. "झाकणं कोणी धुतली?"

 बाहेर गंगी समाधानानं रवंथ करत होती. माझ्या कण्यांचं.

"मी इचारलं हुतं," विक्रम म्हणाला. "टरफलाचं."

"फायबर," शंभू म्हणाला.

 वहिनींनी पर्स खुंटीला अडकवली, आयकार्ड पाठीवर टाकलं आणि परात ओढली.  कंपनीला नाही म्हणून सांगायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"धनश्री, बस तू," आप्पा म्हणाले.

ते उठले. ताटात काही उरलेलं नव्हतं. "भरडा एवढा वंगाळ न्हवता," ते म्हणाले. "मेंढरामागं यापरास वाईट खाल्लंय. पिठाचा डबा कुठाय?"

कोणालाच कळेना. शंभूनं डबा दाखवला. आप्पांनी बाह्या सारल्या, पीठ मळलं, गोळा तळहातावर घेतला आणि परात बाजूला सारून हवेतच, दोन हातांवर, भाकरी थापायला लागले. थाप, थाप, फिरव. भाकरी तव्यावर पडली आणि टम्म फुगली.

"माझा बा न् मी चार चार म्हयने मेंढरं घिऊन हिंडायचो," ते तव्याकडे बघत म्हणाले. "तीन दगडं मांडायची, भाकरी टाकायची. रानात कोन बाई येती करून घालाया?"

आई हळूहळू उभी राहिली. तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तुमाला भाकरी येती?"

"येती की."

"चाळीस वर्सं!" आईचा आवाज मळ्याच्या पार टोकाला गेला असेल. "चाळीस वर्सं मी हितं धुरात! ही मोनी झाली तवा बाळंतीण असून शेजारच्या सरूबाईकडनं भाकरी मागून आनल्या मी! आन् तुमाला येत हुतं?"

"तू कवा इचारलंच न्हाईस," आप्पा म्हणाले आणि भाकरी उलटली.

माझ्या तीन आठवड्यांच्या भाषणांत नव्हता एवढा संताप त्या एका मिनिटात आईच्या तोंडावर होता. ती वहिनींकडे वळली. "धनश्री, उद्या कंपनीत हो म्हून सांग. सहा म्हयनं न्हाई, वरीसभर करते म्हनावं. भाकरी ह्ये करतील. कालवण-कोरड्यास इक्रम करंल, त्याचा हात बरा हाय."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. (विक्रमच्याही आलं, पण त्याचं कारण वेगळं असावं.)

"आणि मी?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं, मग झाकणाकडे बघितलं. "तू सैपाकघरात पाऊल टाकायचं न्हाई."

बुधवारी सकाळी वहिनी बसला गेल्या, त्या नाचतच गेल्या असं म्हटलं तरी चालेल. मी पडवीत रागानं धुमसत बसले होते. लढाई जिंकली होती, आणि माझ्या एकाही शब्दानं जिंकलेली नव्हती. समोर आईनं गंगीपुढे भरड्याचं पातेलं ठेवलं. गंगीनं हुंगलं, नाक उडवलं आणि पातेलं लाथेनं पाडलं. आईनं पुन्हा भरलं. गंगीनं तोंड फिरवलं आणि मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं.

तेव्हाच मी ठरवलं. उठले, मार्कर घेतला आणि बोर्डवर मंगळवार पुसून नवीन ओळ लिहिली: 'कण्या-डाळ, भिजवलेली. रोज. करणार: मोनिका. जेवणार: गंगी.'

आईनं ते वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या योजनेला मान हलवली.

"कर," ती म्हणाली. "पर झाकनं मी धुनार."