पातेल्यातलं वाढतं पाणी

आमच्या महादेवीची निवड होणार म्हणजे होणारच, असं मी मुरुडच्या अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं होतं! का नाही सांगणार? मी नांदेडची बी.एस्सी., आणि ही माझी नणंद, बारावीची परीक्षा दिलेली, वय अठरा पूर्ण, गणितात माझ्याही चार पावलं पुढे.

लातूर जिल्हा होऊन पहिलाच उन्हाळा. पाट्या नव्या, शिक्के नवे, टँकर मात्र जुना आणि तोही दिवसाआड! अशात लातूरच्या एका कॉलेजानं जाहीर केलं, की यंदा कॉलेजात जाणाऱ्या वीस मुलामुलींना सुट्टीत महिनाभर प्रयोगशाळेत खऱ्या संशोधनाचं काम देणार. अट एकच. घरी उघड्या भांड्यात पाणी ठेवायचं आणि चौदा दिवस रोज सकाळी मोजून, उन्हानं किती उडालं ते वहीत लिहायचं.

माझे सासरे रेवणप्पा, किराणा दुकानवाले, यांनी निकाल आधीच देऊन ठेवला. "निवडली तर कॉलेज. न्हाई तर उदगीरचं स्थळ. पोरगा चांगला हाय, सिमेंटचं दुकान हाय."

महादेवीनं अंगणात उंच कट्ट्यावर पितळी पातेलं भरून ठेवलं. दुष्काळात पाणी उन्हात! आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, असं पाहिलं की जणू आम्ही तूप मातीत ओतून राहिलो!

पहिल्या दिवशी पाणी पंधरा मिलीमीटर उतरलं. "कमी झालं," महादेवी गंभीरपणे म्हणाली आणि लिहिती झाली. दुसऱ्या दिवशीही, "कमी झालं." तिसऱ्या दिवशी मात्र सहाच! पाचव्या दिवशी शून्य. आणि सातव्या दिवशी ती पट्टी हातात घेऊन माझ्याकडे धावत आली.

"वहिनी, पाणी वाढलं!"

"काय बोलतेस!"

"चार मिलीमीटर!"

मे महिन्यात! मुरुडला! ढग नाही, दव नाही, आणि पातेलं गर्भारणीसारखं भरून आलेलं! पहिला संशय माझ्या दीड वर्षाच्या गौरावर गेला. पण तिची उंची पातेल्याच्या काठापर्यंतसुद्धा नव्हती. मग दुपारी मी खिडकीआड दबा धरून बसले.

आधी आत्याबाई आल्या. स्वतःच्या वाटणीचा पेला पातेल्यात ओतून, ओठ पदरानं पुसून गेल्या. मग शेजारच्या सरजाबाई आल्या, मग पलीकडच्या लक्ष्मम्मा. आणि शेवटी, इकडेतिकडे बघत, चोरासारखे, पेला धोतरात लपवून, खुद्द मामंजी! ज्यांना उदगीरची घाई, तेच!

मी बाहेर उडीच मारली आणि सगळ्यांना अंगणात गोळा केलं. "हे काय चाललंय?"

"अगं, पोरगी रोज तोंड पाडून 'कमी झालं' म्हणती," आत्याबाई म्हणाल्या. "देवळातला नंदादीप इझायला लागला तर जाणारा-येणारा तेल घालतोच की! पोरीचं पाणी आटून राहिलं आन् आम्ही बघत बसावं?"

"माझं तोंड धुवायचं पाणी हाय बाई," सरजाबाई म्हणाल्या. "तीन दिस झाले, तोंड धुतलं न्हाई."

"अगं आई, कमीच व्हायला पाहिजे होतं!" महादेवीनं गळा काढला.

मामंजी मात्र दुकानदार. "रडतीस कशाला? तेल मोजताना डब्याचं वजन वजा करतो का न्हाई आपण? तसं आमचं पाणी वजा कर!"

मला तर वाटलं, सुटलो! ओतायचं काही कोणी थांबेना, म्हणून कोणी रोज किती घातलं ते लिहून घ्यायला महादेवी ओट्यावर बसली. पण दुष्काळात आपलं औदार्य कमी लिहून घ्यायला कोण तयार! सरजाबाई म्हणाल्या तीन तांबे. ते ऐकून लक्ष्मम्मा म्हणाल्या चार. कोपऱ्यावरच्या धुरपताबाईंनी तर थेंबही घातला नव्हता, पण लाजेकाजेस्तव त्यांनीही दोन लिहायला लावले! बेरीज-वजाबाकी झाली आणि उन्हानं दिवसाला नव्वद मिलीमीटर पाणी उडायला लागलं.

चौदाव्या दिवशी कॉलेजचे भुजंग सर वही तपासायला आले.

"नव्वद? अहो, एवढ्या उन्हात आपण सगळे पापड होऊन भिंतीला चिकटलो असतो!"

अंगणात गल्ली जमलेली. मग मामंजींनी टोपी काढली. "गुरुजी, मी दोन पेले सांगितले. एकच घातला."

"मी बी एकच," सरजाबाई पुटपुटल्या. लक्ष्मम्मांनी अर्ध्यावर तडजोड केली. धुरपताबाईंनी नावच मागं घेतलं. महादेवी भराभर खोडून पुन्हा मांडत होती. पंधरा. पंधरा. पुन्हा पंधरा!

सरांचा चेहरा उजळला, मग कपाळाला आठी पडली. "शाबास, जवळ आलीस. पण आमच्या भांड्यात रोज बारा उडतं. तुझ्याकडे रोज नेमकं तीन जास्त, न चुकता. हे ऊन नव्हे. कोणीतरी काढून घेतंय. कोण, एवढं कळू द्या. हिशेब जुळला की हिचं नाव लिहितो."

मंडळी, आता तुम्हालाच सांगते. त्या पातेल्यात तीन मिलीमीटर म्हणजे बरोबर एक पेला. गौराला हगवण लागलेली, घरातलं पाणी मोजून मिळायचं, आणि ती दुपारी कोरड्या घशानं रडायला लागली की मला काही सुचायचं नाही. सगळी गल्ली पातेल्यात ओतत होती. काढत होते मी. पहिल्या दिवसापासून!

मी तोंड उघडलं. समोर आत्याबाई उभ्या होत्या, स्वतःचा घोट तोडून ओतणाऱ्या. मी तोंड मिटलं.

महादेवीनं माझ्या कडेवरच्या गौराकडे एकदाच पाहिलं. "चिमण्या असतील, सर."

"चिमण्या मापून पीत नाहीत, बाळ," सर म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

गुरुवारी उदगीरचे पाहुणे आले. पाणी नेण्याचं काम अर्थात महादेवीचं. काठोकाठ भरलेले पाच पेले, आणि अख्खी ओसरी ओलांडताना एक थेंब सांडला नाही! चौदा दिवस पट्टी धरून पोरीचा हात असा काही बसला होता, की मुलाच्या आईनं पेला उचलायच्या आधीच सांगून टाकलं, "दुष्काळाच्या दिसांत असाच हात पाहिजे बाई! पोरगी पसंत!"

आत्याबाईंनी मला साखर आणायला आत पिटाळलं. मी डबा शोधायला बराच वेळ लावला.