दाजींची समुद्रकाठची चौकशी

रंगनाथ दाजी लग्नात पहिल्या पंगतीला कधीच बसत नाहीत. पहिली पंगत जेवून उठते, हात धुते, पान खाते, तोवर दाजी मांडवाच्या खांबाला टेकून एकेकाचा चेहरा न्याहाळत उभे असतात. कोणी पोटावर हात ठेवला नाही, कोणी घाईघाईनं शेताकडं निघालं नाही, की मग ते दुसऱ्या पंगतीला बसतात. स्वतःच्या लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसावंच लागलं. तेव्हा त्यांनी मला शेजारी घेतलं. मी आक्काचा सगळ्यात धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ. प्रत्येक पदार्थाचा पहिला घास माझा. त्या दिवशी माझी जी नेमणूक झाली, ती अजून चालू आहे.

बदनापूरजवळ दाजींची मोसंबीची बाग आहे. रस्त्यात कोणी राम राम घातला तर दाजी आधी मागं वळून पाहतात, मग विचारतात, काय काम काढलं? पावसानं वेळेवर हजेरी लावली तरी ते ढगाकडं बघून म्हणतात, "यात काही तरी हाय बरं का."

अशा माणसाची एकुलती एक मुलगी स्पेनला गेली. वर्षा तिथं व्हॅलेन्सिया नावाच्या समुद्रकाठच्या शहरात लिंबू-संत्र्याच्या झाडांच्या रोगांवर काम करते. दर रविवारी ती व्हिडिओवर बोलायची आणि म्हणायची, मी मजेत आहे. दाजींना नेमका हाच शब्द खटकायचा. आक्का होती तोवर तिनं नवऱ्याला हसण्यावारी नेलं. दोन वर्षांपूर्वी आक्का गेली आणि दाजींच्या संशयाला अडवणारं कोणी उरलं नाही.

"पोरगी येकाच भितीपुढं बसून बोलती," ते मला म्हणाले. "बाकीच्या तीन भिती काहून दाखवीना?"

त्या तीन भिंती पाहायला आम्ही फेब्रुवारीत निघालो. मला सोबत नेलं, कारण मी जालन्याच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि म्हणून मला परदेश माहीत आहे, असा घरात समज आहे. भूमध्य सागरी प्रदेशात हिवाळ्यात पाऊस पडतो, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्या जोरावर मी दोन छत्र्या घेतल्या. आम्ही दहा दिवस राहिलो आणि दहाही दिवस लख्ख ऊन होतं.

पोचल्या पोचल्या दाजींनी चारही भिंती पाहिल्या. एकीवर आक्काचा फोटो, एकीला पुस्तकांचं कपाट, एकीत खिडकी. कुठं ओल नाही, पोपडा नाही. मग वर्षा ऑफिसला गेली की त्यांची रोजची तपासणी सुरू झाली. तांदळाचा डबा भरलेला. फ्रिजमध्ये ताजी भाजी. औषधाच्या खणात साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. त्यांनी तिच्या बुटांचे तळवेही उलटे करून पाहिले. माणूस फार वणवण करत असेल तर टाचेकडून कळतं म्हणे. टाचा शाबूत होत्या. दर तपासणीनंतर दाजी जरा जास्तच गप्प व्हायचे. मला वाटलं, हवा मानवली नाही. भूगोलाच्या मास्तरला दुसरं काय वाटणार?

दुपारी आम्ही शहर पाहायला निघायचो. पहिल्याच दिवशी दोन वाजता बघता बघता सगळ्या दुकानांची शटरं खाली आली. दाजी जागीच थांबले. "कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं. आमच्याकडं भर दुपारी सगळी बाजारपेठ बंद होते ती कोणी मोठा माणूस गेल्यावर किंवा गडबड झाल्यावर. मी म्हणालो, इथं लोक दुपारी जेवून आराम करतात. "सगळे येकदम?" दाजी म्हणाले आणि मला आतल्या गल्लीबोळांतून, भिंतीच्या कडेकडेनं घरी घेऊन आले. रस्ता चुकून आम्ही दीड तास फिरलो. दुकानं पुन्हा उघडली तेव्हा आम्ही निघालो होतो त्याच चौकात उभे होतो.

समुद्रावर तर वेगळाच प्रकार. शेकडो माणसं अंगावरचे कपडे काढून उन्हात पडलेली. जालन्याच्या उन्हात ज्यानं जन्म काढला, त्याला हे पटणं शक्य नव्हतं. "यांच्या घरात काही तरी हाय," दाजी म्हणाले, "म्हणून बाहेर येऊन पडून राह्यलेत." आम्ही दोघं डोक्याला गमजे गुंडाळून, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि मोजे घालून, माझ्या दोन छत्र्यांखाली बसलो. थोड्या वेळानं एक पोलीस आमच्यासमोरून इकडून तिकडं गेला, मग तिकडून इकडं आला. त्या अख्ख्या किनाऱ्यावर संशयास्पद असे आम्ही दोघंच होतो.

पण दाजींना खरं घेरलं ते रस्त्यावरच्या संत्र्यांनी. तिथं फुटपाथवर संत्र्यांची झाडं आहेत, फळांनी लगडलेली. खाली सडा पडतो आणि कोणी ढुंकून पाहत नाही. मोसंबीच्या बागेला काटेरी कुंपण आणि वर राखण्या ठेवणारा हा माणूस. एक पूर्ण सकाळ त्यांनी समोरच्या बाकावर बसून पहारा दिला. शाळकरी पोरं गेली, म्हातारे गेले, एकानं हात लावला नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी समजलो. उठलो, एक फळ तोडलं, सोललं आणि फोड तोंडात टाकली.

कारल्याचा रस परवडला. माझा चेहरा पाहून एक बाई पिशव्या खाली ठेवून हसायला लागली. दाजींच्या तोंडावर मात्र दहा दिवसांतलं पहिलं समाधान दिसलं. "म्हन्लो नव्हतो?"

संध्याकाळी वर्षानं सांगितलं की ती शोभेची कडू जात आहे, सावलीसाठी लावतात. "मी बी आल्या आल्या खाल्लं व्हतं, अण्णा. बाजारातली भाजीवाली इतकी हसली. मग तिनंच मला घरची गोड संत्री दिली."

"फुकट?" दाजींनी विचारलं.

"फुकट."

"यात काही तरी हाय."

म्हणून शनिवारी ते आमच्याबरोबर बाजारात त्या भाजीवालीला पाहायला आले. साठीची जाडजूड बाई. वर्षाला पाहताच तिनं गाळ्याबाहेर येऊन मिठी मारली, मग कमरेवर हात ठेवून तिला चांगलंच झापलं. गेल्या शनिवारी का आली नाहीस, असं विचारत होती, हे वर्षानं सांगितलं. दोन खोकले आले तर लिंबू-मधाचा डबा घरी पाठवणारी ती हीच, असं वर्षा सांगत होती. बाईनं दाजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि वर्षाकडं बोट दाखवून बराच वेळ बोलली. एक शब्द कळला नाही, तरी सगळं कळलं.

त्या दुपारी आम्ही समुद्रावर बसलो. दाजींनी गमजा काढून मांडीवर ठेवला होता.

"खरंच मजेत हाय ती," ते म्हणाले.

"मंग चांगलंच झालं की, दाजी."

"चांगलंच झालं. बिलकुल चांगलं झालं." गमज्याची घडी घालत म्हणाले, "मला वाटलं, खोटं बोलून राह्यली. वरची खोली रंगवून ठेवली व्हती. पंखा बी नवा बसवला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस पोरीचं दुःख शोधत एवढ्या लांब आला होता. ते सापडलं असतं तर तिला घरी घेऊन जाता आलं असतं.

जायच्या आदल्या रात्री जेवताना वर्षा म्हणाली, अण्णा, तीन महिन्यांचा व्हिसा आहे, राहा ना. मामा जातील एकटे. दाजी म्हणाले, बागेत कामं पडलेत. बाग त्यांनी आक्का गेल्यापासून वाट्यानं दिलेली आहे, हे मला माहीत होतं. मी भाताकडं पाहत राहिलो.

सकाळी बॅगा भरताना मी त्यांना म्हणालो, ती मनापासून म्हणत होती.

"कीव करती पोरगी. आई न्हाई म्हणून."

"कशावरून?"

जन्मभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न त्यांना कोणी पहिल्यांदा विचारत होतं. त्यांनी बॅगेची चेन ओढली. "वाटतं तसं," म्हणाले.

बॅगा घेऊन आम्ही खाली आलो. जिन्याजवळ भिंतीत लोखंडी पेट्यांच्या रांगा होत्या. मी त्यांना दहा दिवस विजेचे मीटर समजत होतो. वर्षानं गुडघ्याएवढ्या उंचीवरची एक पेटी किल्लीनं उघडली आणि आतली पत्रं काढली. ती टपालाची होती. झाकणावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. दाजी वाकले. वाकले आणि वाकलेलेच राहिले.

वर वर्षाचं नाव होतं. खाली, त्याच अक्षरात, रंगनाथ.

त्यांनी चष्मा लावला. काचेच्या दारातून येणारं ऊन रोज त्या चिठ्ठीवर पडत असणार. शाई विटून तांबूस झाली होती, कागद पिवळा पडला होता. त्यांनी बोट फिरवलं, नखानं एक कोपरा जरासा उचकटून खालचा रंग पाहिला. तिथं लोखंड अजून नव्यासारखं चमकत होतं.

"ही कालची न्हाई," ते म्हणाले.

"आई गेली तेव्हा लावली," वर्षा म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही येताल. इथं ज्याचं नाव नसतं त्याचं टपाल परत जातं."

बाहेर टॅक्सी येऊन थांबली होती. उचकटलेला कोपरा दाजींनी अंगठ्यानं दाबला, तो परत वर आला, त्यांनी परत दाबला.

"सुधाकर," माझ्याकडं न पाहता ते म्हणाले, "विमानात तुला येकट्याला जमंल ना?"